तबकडी परत येईपर्यंत

शून्याला परत यायला वेळ लागत होता, म्हणून मी त्याला बोटानं ढकललं. तिथंच चुकलं.

आधी एक फिरवला होता. एक लगेच येतो. शून्यासाठी फोनची तबकडी जवळजवळ पुरी फिरवावी लागते, आणि सोडली की ती आपल्या चालीनं टकटक करत मागं येते. खिडकीबाहेर, खालच्या ओट्यावर माझी थोरली जाऊ बसली होती. उजवा हात मांडीवर, मधल्या बोटावर दोन बारीक टिपके. रक्त एवढंसंच, बाभळीचा काटा लागला तरी त्याहून जास्त येतं. पण सोयाबीनच्या गंजीवरची ताडपत्री मी स्वतः उचलून बघितली होती, आणि नाग तिथंच होता. दुपारचे तीन वाजले असतील. वस्तीवर आम्ही दोघीच. मी शून्य ढकलला, आठ ढकलला आणि चोंगा कानाला लावला. थोडा वेळ काहीच नाही. मग एका बाईचा गोड आवाज आला की आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही.

एकशेआठ अस्तित्वात नाही, असं ती मला सांगत होती.

सोयाबीन काढायला आलं की शिवाराचा आवाज बदलतो. पानं गळून गेलेली असतात, नुसत्या शेंगा राहतात, आणि वारं आलं की सगळं रान खुळखुळतं. यंदा तो आवाज परवा सकाळी आला. सून विळ्यांना धार लावायला बसली, माझ्या मुलानं, दत्तानं, ताडपत्र्या उन्हात पसरल्या, आणि मला तीन वर्षांपूर्वीची सुगी आठवली. सुगी म्हटलं की कुणाला रास आठवते, कुणाला जेवणं. मला टेलिफोन आठवतो. त्याला माझा इलाज नाही.

हा फोन अजून खिडकीत आहे. काळा, जड, दहा भोकांच्या तबकडीचा. त्याच्या शेजारी एक पांढरा डबा, डब्याला वितभर काडी, आणि डब्यात मोबाइलमध्ये असतं तसलं सिमकार्ड. येणारा प्रत्येक जण एकदा तरी चोंगा उचलून बघतो. पाहुण्यांतली एक कॉलेजातली मुलगी आली होती. तिनं भोकात बोट घातलं आणि दाबलं. काही झालं नाही म्हणून जोरात दाबलं. ते फिरवायचं असतं हे तिला ठाऊकच नव्हतं. मी ती किती वेळ दाबते ते बघत राहिले.

हसण्यासारखं त्यात काही नाही, कारण मी तेच उलट बाजूनं केलं होतं. दत्तानं मला काचेचा मोबाइल आणून दिला होता. मी त्यावर बोट ठेवलं तर तो हलला नाही. घासलं तरी हलला नाही. सुनेनं बोट टेकवलं की मात्र पळत सुटायचा. पन्नास वर्षं विळा-खुरपं धरून माझ्या बोटांची कातडी टाचेसारखी झाली आहे. सोयाबीनच्या दिवसांत शेंगांच्या लवेनं ती आणखी सोलते आणि आणखी कडक होते. त्या काचेला माझं बोट हे बोट वाटतच नव्हतं. थुंकी लावली तर कधीमधी ओळख द्यायचा. हा फोन बनवणाऱ्यानं बोट म्हणून कुणाचं बोट समोर धरलं असेल, असा प्रश्न मला तेव्हा पडला. अजूनही पडतो.

मग साधा बटणांचा मोबाइल आला. तो बरा होता. पण तो आम्हा दोघींत एक होता, आणि अक्कांना, म्हणजे माझ्या थोरल्या जावेला, दिसत नव्हतं. काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले त्याला तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती. हलकी वस्तू त्या कुठं ठेवायच्या ते त्यांनाही सापडायचं नाही आणि आम्हालाही. शेवटी एका सुगीत तो कुणाच्या तरी ओच्यातून पेंढीत पडला आणि पेंढीबरोबर मळणीयंत्रात गेला. मागच्या अंगानं भुसकटात त्याची बटणं निघाली. त्यातलं पाचाचं बटण मला सापडलं. दत्ता म्हणाला, ह्या दोघींना आता दावणीला बांधलेला फोन पाहिजे. तो चेष्टेनं म्हणाला. मी ते खरं धरलं.

माळ्यावर आमचा जुना फोन पडून होता. आमचे मालक होते तेव्हा तो गावातल्या घरी आला. गावात तेव्हा दोनच फोन, एक पोस्टात आणि एक आमच्याकडं. त्याचे खांब रोवले आणि तार ओढली ती बाबूभाईंनी. तेव्हा ते लाईनमन होते, सडपातळ, खांबावर सरड्यासारखे चढायचे. पुढं रस्ता रुंद करताना तार तुटली. तोवर सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले होते, म्हणून ती जोडा असं कुणी म्हणालंही नाही. आम्ही शेतात राहायला आलो तेव्हा भांड्याकुंड्यांबरोबर फोनही आला आणि माळ्यावर गेला.

त्या फोनपुढं काय काय झालं होतं ते बसून आठवलं तर गंमत वाटते. मामंजी एकदा सोलापूरला दवाखान्यात होते आणि तिथून फोन करायचे. घंटी वाजली की अक्का आधी हात पुसायच्या, मग डोक्यावरून पदर घ्यायच्या, आणि उभं राहून बोलायच्या. मी म्हणायची, अहो अक्का, त्यांना तिकडं दिसतंय होय तुमचं डोकं. त्या मला हातानं गप्प करायच्या. पण मामंजी गेल्यावर, कितीतरी वर्षांनी, माझ्या थोरल्या दिराचा फोन मुंबईहून आला आणि चोंगा माझ्या हातात होता, तेव्हा माझाही हात आपोआप पदराकडं गेला. आवाजाला डोळे असतात की काय, कोण जाणे. गावातली माणसं फोन करायला यायची ती चपला बाहेर काढायची. लांबच्या गावाला फोन असला की जास्त ओरडायची. पुण्यासाठी जेवढा आवाज, त्याच्या दुप्पट दिल्लीसाठी. शेजारचा एक जण लष्करात असलेल्या भावाशी बोलायचा तेव्हा आमचं वासरू दावं तोडायला बघायचं.

तर मी येडशीला बाबूभाईंकडं निरोप धाडला. ते तिथंच राहतात, निवृत्त झाले आहेत, गुडघे गेले आहेत. पोळ्याच्या आधी एक दिवस ते एसटीनं आले, सोबत जुनी चामड्याची पिशवी. चहा घेत नाहीत म्हणून ताक दिलं. त्यांनी फोन उलटा केला, चार स्क्रू काढले आणि पत्रा उचलला. आत कोळ्याचं जाळं, एक वाळलेलं झुरळ, आणि बाकी सगळं कालच बसवल्यासारखं. मी कामं टाकून शेजारी बसले. मला पहिल्यापासून एकच विचारायचं होतं. बोटानं फिरवलेलं त्याला कळतं कसं?

बाबूभाईंनी तबकडी फिरवली, धरून ठेवली आणि म्हणाले, “बाई, नंबर जाते वखत नै जाता. आते वखत जाता.”

म्हणजे आपण फिरवतो तेव्हा काहीच घडत नाही. नुसती एक स्प्रिंग ताणली जाते. सोडल्यावर तबकडी परत येते, आणि येता येता ती तार तोडते, जोडते. तीन फिरवला तर तीनदा, सात फिरवला तर सातदा. पलीकडचं यंत्र तेवढं मोजतं. तबकडीच्या पोटात एक बारीक फिरकी त्यांनी मला दाखवली. परतीचा वेग ती धरून ठेवते. तिला रोखायचं नाही आणि ढकलायचं तर मुळीच नाही, नाहीतर मोजणाऱ्याची मोजदाद चुकते.

मी म्हटलं, मग शून्य फिरवला तर एकदाही तुटायला नको, दहादा का तुटते? शून्य म्हणजे काहीच नाही ना.

“‘कुछ नै’ कू तारपर कैसा भेजना, बाई?” ते म्हणाले.

हे मला फार आवडलं. पुढं चार दिवस उडदाच्या शेंगा तोडताना तेच डोक्यात घोळत होतं. काहीच नाही असं सांगायचं असेल तर सगळ्यात जास्त वेळ लागतो. यातून काही शिकायचं असतं असं मी म्हणत नाही. ती स्प्रिंग आहे. पण शाळेत गुरुजींनी शून्य शिकवला तेव्हा हे सांगितलं असतं तर मी चौथीच्या पुढं आणखी वर्षभर टिकले असते.

तारेच्या जागी बाबूभाईंनी आणलेला पहिला डबा नापास झाला. त्यात सिमकार्ड घातलं, चोंगा उचलला की आत गुणगुण ऐकू यायची, पण तबकडी फिरवली तरी गुणगुण चालूच. तो डबा नव्या बटणांच्या फोनची बोली समजायचा, टकटक मोजायचं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. दुसरा त्यांनी कुठल्याशा बंद पडलेल्या हापिसाच्या भंगारातून हुडकून आणला. त्यानं मोजलं. आमच्या वस्तीवर रेंज एकाच जागी आहे, उगवतीच्या खिडकीत, म्हणून डबा तिथं आणि फोनही तिथं. वीज गेली तर डबा आतल्या बॅटरीवर चार तास निघायचा. घंटी मात्र पूर्वीसारखी खणखणेना. त्या डब्याच्या अंगात तेवढं बळ नाही, असं बाबूभाई म्हणाले. त्यांनी आतली हातोडी वाकवून बघितली, दोन वाट्यांतली एक सैल केली, तेव्हा कुठं टण... टण असा एकेक ठोका पडायला लागला. अक्का म्हणाल्या, म्हातारा झालाय बिचारा, बसून बोलावतोय.

नंबर फिरवून झाला की डबा थोडा वेळ गप्प बसायचा. आणखी आकडे येतात का याची तो वाट बघतो, असं बाबूभाईंनी सांगितलं होतं. तेवढा वेळ कानात काहीच नसायचं. मग एकदम लांबून घंटी ऐकू यायची. कुठं शेतातल्या खिडकीतली ही जुनी टकटक आणि कुठं ते आकाशातून जाणारं आजकालचं. दोघांची गाठ त्या गप्प वेळात पडत असणार. मी डब्याला हात लावून बघायची. कोमट लागायचा.

अक्कांना तो फोन मिळाला आणि त्यांची मान वर झाली. भोकं मोजायची, बोट घालायचं, फिरवायचं. कुणाला हाक मारायला नको, नंबर लावून दे म्हणायला नको. दहा-बारा नंबर त्यांना तोंडपाठ झाले. मोबाइलचे नंबर दहा आकडी, आणि त्यात नऊ फार. दत्ताच्या नंबरात चार नऊ आणि दोन शून्य आहेत. तो लावायला घेतला तर तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू जातं. अक्कांनी माणसांची त्यावरून प्रतवारी लावली. एक-दोन आकड्यांची माणसं हुशार, नऊ-शून्याची आळशी. आणि कान असे, की मी फोन फिरवायला लागले की त्या अंगणातून ओळखायच्या कुणाला लावते आहे. दत्त्याला कशाला, रानात हाय त्यो, असं माझं बोट पाचव्या आकड्यावर असतानाच म्हणायच्या.

एकच खोड होती. त्यांना दम नव्हता. नऊ किंवा शून्य फिरवला की बोट भोकातच ठेवून त्या तबकडी मागं ढकलायच्या. मग मोजदाद चुकायची. त्यांची मुलगी शालन लातूरला असते, तिच्या नंबराचा शेवट शून्यानं. अक्कांच्या ढकलण्यानं दहाचे नऊच मोजले जायचे आणि फोन कुठल्याशा गावातल्या पिठाच्या गिरणीत लागायचा. गिरणीवाला पट्ट्याच्या आवाजातून ओरडायचा, कोण बोलतंय. दोन-चारदा झाल्यावर तो आवाज ओळखून मावशी म्हणायला लागला. अक्का त्याला तिकडं पाऊस किती झाला ते विचारायच्या. त्याच्या बायकोच्या गुडघ्याला काय बांधायचं तेही सांगून मोकळ्या झाल्या. लेकीला लावलेला फोन गिरणीत खर्ची पडायचा.

मी फार बोलायची त्यांना. “अक्का, ढकलू नका तिला. ती येती तशी येऊ द्या. तुमच्या बापाची गाडी सुटायली का?” असं रोज. सुनेसमोर, बाबूभाईंसमोरसुद्धा. अक्का वयानं मोठ्या, मानानं मोठ्या, मी त्यांना कधी अगं-तुगं केलं नाही, पण अहो-जाहो करूनही माणसाला सोलून काढता येतं. एकदा फक्त अक्का म्हणाल्या की कौसे, तुला दिसतंय म्हणून तुला वेळ लागत न्हाय. मी ते तेव्हा मनावर घेतलं नाही. आता वाटतं, अंधारात बसलेल्या माणसाला ती परतीची टकटक किती लांब वाटत असेल. माझ्या डोळ्यांपुढं निदान तबकडी फिरत असायची.

दसरा झाला, कोजागरी यायची होती. तुळजापूरला चालत जाणाऱ्यांच्या टोळ्या रस्त्यानं दिसत होत्या. आमचं सोयाबीन काढून गंज्या लागल्या होत्या. त्या दिवशी दत्ता आणि सून मळणीयंत्राबरोबर खालच्या रानात होते. अंगणाजवळच्या लहान गंजीपाशी अक्का बियाण्याच्या शेंगा सोलत होत्या. यंत्रातून निघालेलं बी दणक्यानं फुटतं, उगवत नाही, म्हणून बियाण्यापुरतं तरी हातानं सोलायचं ही आमच्या घरची रीत. डोळे नसले तरी ते काम अक्कांचंच. किडकी शेंग त्या नुसत्या चिमटीत ओळखायच्या. ताडपत्रीखाली हात घालून मूठभर ताटं ओढायची, सोलायची, परत हात घालायचा.

मी रांजणाजवळ भांडी घासत होते. अक्कांनी हाक मारली, मोठ्यानं नव्हे. मला काहीतरी लागलं म्हणाल्या. मी तिथूनच म्हटलं, धसकट लागलं असेल.

“धसकट गार नसतंय,” त्या म्हणाल्या.

मी तशीच उठले. ताडपत्री उचलली, बघितलं, सोडली. अक्कांना दंडाला धरून ओट्यापर्यंत आणलं. चालवायचं नसतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मग खिडकीशी जाऊन ते सगळं केलं जे सुरुवातीला सांगितलं. एक, ढकललेला शून्य, ढकललेला आठ, आणि ती गोड आवाजाची बाई.

मी चोंगा आपटला. परत उचलला. माझी बोटं राखेनं माखलेली होती. परत एक. परत शून्य, आणि माझं बोट परत त्याच्या मागं लागलं. मला कळत होतं. ज्यासाठी मी अक्कांना सगळी सुगी बोलले तेच मी करते आहे हे माझ्या डोळ्यांना दिसत होतं, आणि बोट ऐकत नव्हतं.

खिडकीबाहेरून अक्का म्हणाल्या, “कौसे, ढकलू नगंस. ठिव खाली, पुन्हा लाव. म्या मोजते.”

मी चोंगा ठेवला, उचलला. एक फिरवला. एक, अक्का म्हणाल्या. शून्य फिरवला आणि हात पाठीमागं घेतला. अक्का ओट्यावरून मोजायला लागल्या. एक, दोन, तीन. आवाज रोजचा, शेंगा मोजाव्यात तसा. पाच, सहा. सात. मला वाटलं ती फिरकी मुद्दाम हळू चालली आहे. नऊ. दहा. मग आठ, तेही त्यांनी सगळे मोजले. मग तो गप्प वेळ आला, ज्यात काहीच नसतं. त्या वेळात माझ्या मनात काय आलं ते मी सांगत नाही. मग लांब घंटी वाजली आणि एका माणसानं फोन उचलला.

आमच्याकडं साप चावला असं म्हणत नाहीत. पान लागलं म्हणतात, आणि जिला लागलं तिच्यापुढं तर जनावराचं नावही काढत नाहीत. मी अक्कांच्या देखत नाग चावला असं म्हणाले. तो माणूस शांत होता. मोबाइलवरून लोकेशन पाठवता येईल का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, आमचा फोन तबकडीचा आहे. तो म्हणाला, आजी, तुम्ही तोंडानं सांगा, मी लिहून घेतो. मी सांगितलं. येडशीकडून तेरला येताना पाण्याची टाकी, टाकीपुढं डावीकडं कच्चा रस्ता, चिंचेपाशी तो फुटतो. घट्ट बांधू नका, कापू नका, हात हलू देऊ नका, गाडीतून आलेला माणूस तुम्हाला याच नंबरवर विचारेल, असं तो म्हणाला. हाताला बांधायला मी दोरी काढून ठेवली होती. ती परत खुंटीला अडकवली.

मग दत्ताला लावायला गेले. पहिले दोन आकडे फिरवले आणि अक्कांनी ओळखलं.

“त्याला लावू नगंस. लई येळ लागतोय त्याला. तेवढ्यात गाडीवाल्याचा फोन आला तर घंटी वाजायची न्हाय.”

ते बरोबर होतं. मला सुचलं नसतं. मी चोंगा ठेवला आणि खिडकीतून हात बाहेर काढून त्यांच्या खांद्यावर ठेवला. बाहेर जाऊन शेजारी बसावं तर फोन आत, आणि आत उभं राहावं तर अक्का बाहेर. फोनची दोरी मी कधी मापली नव्हती. त्या दिवशी बघितलं, खिडकीच्या गजापर्यंत पुरते, पुढं नाही.

अक्कांच्या पापण्या खाली यायला लागल्या. बोलणं थोडं जाड झालं. माझे डोळे मिटायलेत का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. खोटं बोलून काय करणार होते.

“मिटू दे,” त्या म्हणाल्या. “उघडं ठिवून तरी काय दिसत हुतं.”

आणि हसल्या. ओठ अर्धाच हलला.

किती वेळ गेला ते मला सांगता यायचं नाही. घड्याळ आतल्या खोलीत होतं. खालच्या रानातून मळणीयंत्राचा आवाज येत होता, एकसारखा, आणि त्या आवाजाखाली माझी हाक कुणाला जाणार नव्हती. एवढं मात्र खरं, की एवढं लक्ष लावून मी आयुष्यात कुठल्या वस्तूकडं बघितलं नव्हतं जेवढं त्या काळ्या फोनकडं बघितलं. त्याच्या कडेला एक टवका उडालेला आहे, तबकडीच्या मधोमध कागदाची चकती आहे, तिच्यावर आमच्या मालकांच्या हातानं लिहिलेला जुना नंबर आहे, जो आता कुणाचाच नाही. शाई अजून निळी होती. त्याचं मला आश्चर्य वाटलं, आणि आश्चर्य वाटायची ही वेळ नव्हे असंही वाटलं, आणि तरी वाटलं.

टण. एकच ठोका. दुसरा पडायच्या आत मी चोंगा उचलला होता. गाडीवाला चिंचेपाशी उभा होता. मी म्हटलं, उजवीकडचा धरा, डावीकडं ओढा लागतो.

तेरला पहिली सुई दिली आणि तिथून धाराशिवला नेलं. दत्ता तिथं पोचला तेव्हा अक्कांच्या तोंडात नळी घातलेली होती आणि त्यांचा श्वास एक यंत्र घेत होतं. काचेच्या बाहेर बाकावर मी चार दिवस बसले. त्या यंत्रालाही आपली चाल होती. भरायचं, थांबायचं, सोडायचं. मी मोजायची. मोजायचं कशासाठी ते मला ठाऊक नव्हतं, पण अक्कांनी माझ्यासाठी मोजलं होतं, आणि तिथं मला दुसरं काही करता येत नव्हतं. कुणी बिस्कीट आणून दिलं तर मी हातात धरून मोजतच राहायची.

तिसऱ्या दिवशी बाबूभाई आले. गुडघे धरत जिना चढले, माझ्याशेजारी बसले. मी त्यांना विचारलं. मी ढकललेला तो पहिला फोन कुठं गेला? शून्याचे नऊ मोजले गेले की आठ? आठाचे किती? तो आकडा कोणता झाला, की जो जगात कुणालाच दिलेला नाही? बाबूभाईंनी बोटांवर काहीतरी जुळवून बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, ते डब्यालाच ठाऊक, आणि डबा विसरला असेल. मला ते पटलं नाही. टकटक झाली, तार तुटली आणि जुडली, कुणीतरी ती मोजली. मग ती कुठंतरी असायला पाहिजे. अजूनही सुगीत कधी शेंगा सोलताना मी तो आकडा जुळवत बसते. सून म्हणते, काय पुटपुटता. मी तिला सांगत नाही.

यंदा गंजी रचली आहे. ताडपत्री उचलायच्या आधी मी ती काठीनं बडवते आणि थोडी थांबते. दोन-चार माणसं त्याला हसली. हसू द्या.

त्या सुगीत आमच्या शिवारात तिघांना पान लागलं. वरच्या मळ्यातला सालगडी दवाखान्यात पोचायच्या आत गेला. ओढ्यापलीकडचा एक जण देवळात नेला, तो तिथंच गेला. अक्का सोळाव्या दिवशी घरी आल्या. तिघांतल्या त्या एकट्या वाचल्या.